तडीपारी, फुटबॉल आणि कस्तुरबा नगर : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

अल्पवयीन मुलांच्या टोळ्यांविषयीच्या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की, चाकू बाळगणाऱ्यांच्या पायाशी फुटबॉल टाकणे हा भाबडेपणा आहे, त्यांना तडीपार करावे, आणि तेही जमत नसेल तर नागपूरच्या कस्तुरबा नगर वस्तीने २००४ मध्ये एका गुंडाला ठार करून केले तेच खरे. आपला एक आक्षेप मला आधीच मान्य करू द्या. ज्या दुकानदाराकडून हप्ता उकळला जातो आणि ज्या मुलीला शिकवणीचा रस्ता बदलावा लागतो, त्यांच्याविषयी मी एक ओळही लिहिली नव्हती.

तडीपारीला माझा विरोध नाही. परंतु महाराष्ट्र पोलीस अधिनियमानुसार ती जास्तीत जास्त दोन वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात टोळीतील 'भाई'ची जागा रिकामी राहत नाही. कालपर्यंत त्याला पानठेल्यावरून खर्रा आणून देणारा, त्याने तलवारीने केक कापला तेव्हा रील काढणारा पंधरा वर्षांचा मुलगा त्या जागेकडे सरकतो. माझा लेख या मुलाविषयी होता. त्याच्यावर अद्याप एकही गुन्हा नसल्याने तो पोलिसांच्या यादीत नसतो. मात्र त्याची गैरहजेरी मांडणाऱ्या शिक्षकाला, शेजारच्या मावशीला आणि मैदानावरच्या प्रशिक्षकाला तो रोज दिसतो. या तिघांनी वेळीच एकमेकांशी आणि त्याच्या घरच्यांशी बोलावे, अशी सोय वस्तीत असावी, एवढेच माझे म्हणणे होते.

फुटबॉलचा उल्लेख मी केला तो हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरातील झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू केलेल्या कामामुळे. मुलगा दोन दिवस आला नाही तर त्याच्या घरी चौकशीला जाणारा मोठा माणूस मैदानावर नसेल, तर चेंडूचा काहीच उपयोग नाही. (एक स्पर्धा भरवून, टी-शर्ट वाटून, फोटो काढून निघून जाणाऱ्यांवर आपण टीका केली असती, तर मी आपल्याच बाजूने लिहिले असते.)

धाक किंवा मदत यांपैकी एकच निवडावे लागते, असेही नाही. बॉस्टनमध्ये १९९६ साली पोलीस, सशर्त सुटलेल्यांवर लक्ष ठेवणारे परिवीक्षा अधिकारी, पाद्री आणि वस्तीत फिरणारे कार्यकर्ते यांनी टोळ्यांतील तरुणांना समोर बसवून बजावले की, एकाने गोळी झाडली तरी साऱ्या टोळीवर कारवाई होईल, आणि ज्याला बाहेर पडायचे आहे त्याला मदत मिळेल. त्यानंतर तेथील तरुणांच्या हत्यांत ६३ टक्के घट नोंदवली गेली. त्याच काळात अमेरिकेच्या इतर शहरांतही हत्या कमी होत होत्या, म्हणून सारे श्रेय या योजनेला देऊ नये, हा काही अभ्यासकांचा आक्षेप मला रास्त वाटतो.

राहिले कस्तुरबा नगर. वस्तीतील स्त्रियांचा मोठा सहभाग असलेल्या जमावाने त्या गुंडाला भर न्यायालयात ठार केले आणि २०१४ मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. त्या स्त्रियांचा संताप मी समजू शकतो, परंतु वर्षानुवर्षांच्या तक्रारींना दाद न मिळाल्यावर वस्तीवर जी वेळ आली, तिला आपण उपाय कसे म्हणता, हे मला कळले नाही.

आपल्या गल्लीतील ज्या दोन मुलांचा आपण उल्लेख केला आहे, ती शाळेत जातात का, आणि जात नसतील तर कधीपासून, हे कृपया कळवावे.