जपानमध्ये ‘एका अर्जावर मुलगी’? आधी कायदा वाचा

फॅमिली ग्रुपवर आलेला एक मेसेज वाचून ताईने भाचीच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं. मेसेज असा: ‘जपानमध्ये मुलगा एका अर्जावर मुलगी होतो, नवऱ्याला फसवून लग्न करतो आणि त्याचं कॉमिक छापून लहान मुलांना नादी लावतो.’ पुस्तक म्हणजे ‘ची’ या लेखिकेचं ‘द ब्राइड वॉज अ बॉय’. जपानीत २०१६ला आलं, इंग्रजीत २०१८ला. एका पारलिंगी स्त्रीने आपलं प्रेम, लिंगबदल आणि लग्न यांची हकीकत त्यात स्वतः चित्रांतून सांगितली आहे. मेसेज लिहिणाऱ्याने ते उघडूनही पाहिलेलं नाही.

‘एका अर्जावर’ वाचून माझं डोकंच फिरलं. जपानचा कागदोपत्री लिंग बदलण्याचा कायदा २००३चा, लागू झाला जुलै २००४मध्ये. त्याचं कलम ३ वाचा. दोन डॉक्टरांचं निदान हवं. अर्जदार विवाहित नको. अल्पवयीन मूल नको. २००८पर्यंत तर कुठल्याही वयाचं मूल चालत नव्हतं. जननेंद्रियांचं बाह्यरूप बदललेलं हवं. आणि २०२३पर्यंत प्रजननक्षमताही कायमची गेलेली हवी होती. म्हणजे सरकारच सांगत होतं, आधी मूल होण्याची शक्यता कायमची संपवून ये, मग कागद बदलू. एवढं करून कौटुंबिक न्यायालयात जायचं, तेव्हा कुठे ‘कोसेकी’त, म्हणजे जपानी कुटुंब-नोंदीत, लिंग बदलणार. समलिंगी विवाहाला तिथला कायदा मान्यता देत नाही, त्यामुळे हे सगळं पार पाडल्याशिवाय ‘ची’ला आवडत्या पुरुषाची कायदेशीर बायको होताच आलं नसतं. माणसाच्या शरीराकडून एवढी किंमत वसूल करणाऱ्या व्यवस्थेला ‘एक अर्ज’ म्हणणं निव्वळ खोटेपणा आहे, आणि ज्यांनी ती किंमत मोजली त्यांचा अपमानही.

एक गोष्ट मान्य करावी लागेल. आता अटी थोड्या सैल झाल्या आहेत. २५ ऑक्टोबर २०२३ला जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रजननक्षमता संपवण्याची अट घटनाबाह्य ठरवली, तीही पंधराच्या पंधरा न्यायाधीशांच्या एकमताने. याच न्यायालयाने २०१९मध्ये ती अट वैध मानली होती. पण हा बदल एका व्यक्तीने खटला लढून मिळवला, आणि तोही पुस्तक आल्यावर सात वर्षांनी. ‘ची’च्या वेळी ही सवलत नव्हतीच.

‘नवऱ्याला फसवून’ हे कुठून काढलं? त्याला लग्नाआधीच सगळं माहीत होतं. तो तिच्या पाठीशी उभा राहिला, हाच तर त्या प्रेमकथेचा गाभा आहे.

राहिली लहान मुलं. कलम ३मधली वयाची अट आधी २० वर्षांची होती. एप्रिल २०२२पासून ती १८ झाली, कारण जपानने सगळ्यांसाठीच सज्ञान होण्याचं वय १८वर आणलं. अठरा वर्षांखालच्या मुलाला हा अर्ज करताच येत नाही.