उद्याच्या सहीआधी, त्या मेसेजबद्दल

काल रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन. एवढ्या उशिरा ती कधी करत नाही, मला वाटलं आबांना काही झालं. तर म्हणे, "भाऊ, जिभाऊनी ग्रुपवर टाकेल शे ते वाचं का? हाई खरं शे का?"

जिभाऊ म्हणजे आमचे थोरले चुलत भाऊ, सुरतेला असतात. सकाळी सुविचार, दुपारी हळदीचे फायदे आणि रात्री देशाचं धोरण, असा त्यांचा रोजचा कार्यक्रम. एरवी मी न बघता पुढे सरकतो. यावेळचा मेसेज होता कमी पटाच्या शाळांवर, हिरव्या टिका मारलेले मुद्दे, थोडक्यात सांगायचं तर छोट्या शाळा बंद होणं हे गरिबाच्या पोरांचं भलंच आहे आणि विरोध करणारे एकतर अडाणी नाहीतर मास्तरांचे दलाल. हा पण सोडून दिला असता, पण बहीण त्यांच्या पाड्यावरच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीत आहे, उद्या अकराला बैठक आहे आणि "वरून" निरोप आलाय की शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत समायोजन करायला संमतीचा ठराव द्या. शाळेचा पट १३. मेसेज वाचून तिला वाटलं सगळं कायद्यानेच चाललंय, मग सही करून टाकू. म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात आधी तो मुद्दा ज्याने माझं डोकं फिरलं. "दोन-तीन किलोमीटर चालल्याने मुलं काटक होतात, आमच्या काळी आम्ही पाच किलोमीटर चालत जायचो."

जिभाऊ, तुमची शाळा तुमच्या ओट्यावरून दिसायची. मधल्या सुट्टीत घरी येऊन भाकर खाऊन परत जायचात, हे आईनेच आम्हाला शंभरदा सांगितलंय. पाच किलोमीटर कोण चाललं ते एकदा ग्रुपवर सांगा.

बहिणीचा पाडा सातपुड्याच्या पायथ्याला आहे. तिथून ती मोठी शाळा अडीच किलोमीटर, मधे एक नाला आणि त्याच्यावर फरशी पूल. मागच्या जुलैत मी भाचीला घेऊन त्या वाटेने गेलो होतो, रात्री वरती डोंगरात पाऊस झालेला, फरशीवरून पाणी चाललेलं. मला गुडघ्याच्या खाली होतं पण पोरीला कमरेला लागत होतं. तिने न सांगता चपला काढून हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. दुसरीतली पोर आहे. नाला ओलांडला की पुढे दोन्ही बाजूला केळीचे बाग, दिवसासुद्धा आतलं काही दिसत नाही, आणि त्या पट्ट्यात बिबट्या निघतो हे तिथल्या कोणालाही विचारा. आई-बाप सकाळी सातला निंदायला नाहीतर कापूस वेचायला निघून जातात, शाळा साडेदहाची. सोबत कोण जाणार? जिभाऊ सुरतेहून येणार आहेत का?

आणि हे फक्त भावनेचं नाहीये. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि त्याचे महाराष्ट्राचे २०११ चे नियम सांगतात की पहिली ते पाचवीच्या मुलाला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. सहावी ते आठवीसाठी तीन. भाची दुसरीत आहे म्हणजे अडीच किलोमीटर कुठल्याच हिशोबात बसत नाही. मेसेजमध्ये "नियमानुसार २० पेक्षा कमी पट असेल तर शाळा चालवता येत नाही" असं छातीठोक लिहिलंय. नियमात २० चा आकडा आहे, खोटं का बोला. पण तो नवी शाळा उघडताना परिसरात किती मुलं हवीत त्याचा आहे. चालू शाळेला कुलूप कधी लावायचं त्याचा नाही.

याच एक किलोमीटरची अजून एक गंमत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने नियम बदलून म्हटलं की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेने २५ टक्के गरिबांच्या जागा भरायची गरज नाही. मुंबई हायकोर्टाने जुलै २०२४ ला ते रद्द केलं ते सोडा, पण म्हणजे खासगी शाळेला वाचवायचं असलं की जवळ झेडपीची शाळा आहेच की, आणि झेडपीची शाळा चालवायची वेळ आली की ती परवडत नाही. वा रे वा.

आता "नवीन शैक्षणिक धोरणातच छोट्या शाळा बंद करायला सांगितलंय". हा मुद्दा मेसेजमध्ये सगळ्यात ठळक आहे आणि हाच वाचून लोक गप्प बसतात, कारण ते धोरण उघडून कोण बघतंय. मी बघितलं, मोबाईलवर मिळतं. २०२० च्या धोरणाचं सातवं प्रकरण याच विषयावर आहे. छोट्या शाळा खर्चिक पडतात, एक शिक्षक चार वर्ग सांभाळतो, एकशिक्षकी शाळा देशात १,०८,०१७ आहेत (२०१६-१७ चा आकडा), हे सगळं त्यात मान्य केलंय. पण त्याच्याच पुढे स्पष्ट लिहिलंय की शाळा एकत्र करणं हा पर्याय फार विचारपूर्वक वापरायचा आणि मुलांच्या शाळेत पोचण्यावर काही परिणाम होणार नाही याची खात्री असेल तरच वापरायचा. वर हे पण लिहिलंय की अशाने थोड्याच शाळा एकत्र होतील आणि मूळ प्रश्न त्याने सुटणार नाही. मग उपाय काय दिलाय, तर शाळा संकुल. म्हणजे एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच-दहा किलोमीटरमधल्या लहान शाळा, अंगणवाड्यांसकट, यांनी शिक्षक, लायब्ररी, खेळाचं सामान वाटून वापरायचं. शाळा आपापल्या जागीच. ही कल्पना पण आजची नाही, कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडलेली. हां, पुढे शाळांची पुनर्रचना करा अशी पण भाषा आहे, त्याचा अर्थ अधिकारी आपल्या सोयीने लावतात, ते मला माहिती आहे. पण "बंद करायला सांगितलंय" हे सरळ खोटं आहे. अडीच किलोमीटर, मधे नाला, याला पोचण्यावर परिणाम नाही म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने एकदा जुलैत येऊन दाखवावं.

खर्चाचा मुद्दा, म्हणजे छोट्या शाळा बंद केल्या की सरकारचा पैसा वाचतो. इथे जिभाऊंचं अर्धं खरं आहे, मान्य करावंच लागेल. २०२२ ला राज्याने २० पेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली तेव्हा १४,७८३ शाळा, १,८५,४६७ विद्यार्थी आणि २९,७०७ शिक्षक असा हिशोब निघाला. म्हणजे एका शिक्षकामागे सहा पोरं. ऐकायला वाईटच वाटतं. पट फुगवून दाखवणारे पण होते, २०११ च्या पटपडताळणीत ते सगळ्या महाराष्ट्राने बघितलंय. पण शाळा बंद केल्यावर वाचतं काय? शिक्षक घरी जात नाही, त्याचं दुसरीकडे समायोजन होतं, पगार चालूच. तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाचं अनुदान किती, तर १०,००० रुपये. आणि शाळा लांब गेली म्हणून वाहतुकीचा खर्च द्यायचा झाला तर त्याच योजनेत एका मुलामागे वर्षाला ६,००० पर्यंत. १३ पोरांचे ७८,०००. बचत कुठे झाली भो? बचत होणार ती पुढे, ही पदं परत भरलीच नाहीत तर. ते मात्र मेसेजमध्ये कोणी लिहिणार नाही.

आणि ते ६,००० म्हणजे दहा महिन्यांनी भागले तर महिन्याला ६००, दिवसाला जाऊन-येऊन पंचवीस रुपयाच्या आसपास. त्या रस्त्याला एवढ्यात कोण ॲपेवाला येतो? "बस मिळेल" हा मुद्दा इथेच संपला. मानव विकास योजनेच्या निळ्या बसेस आहेत म्हणतील, त्या मोठ्या मुलींसाठी आहेत, आणि एसटी पाड्यापर्यंत आजवर आलेली नाही.

तोरणमाळचं उदाहरण पण दिलंय, "आपल्याच खान्देशातलं यशस्वी मॉडेल". बरोबर, छोट्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढायच्या २०२३ च्या सरकारी पत्रात तोरणमाळ आणि पानशेतचं नाव होतं. पण तोरणमाळची शाळा निवासी आहे हे सांगायला विसरले! तिथल्या डोंगरात पाड्यांवरच्या काही शाळा फक्त कागदावर चालायच्या, मास्तर झेंड्याला तेवढा दिसायचा, त्या पोरांना तिथे राहून दोन वेळ जेवण आणि रोज शिकवणारा माणूस मिळाला असेल तर चांगलंच झालं, माझं काही म्हणणं नाही. पण बहिणीच्या पाड्यावरची शाळा रोज भरते. बाई रोज येते. खिचडी पाड्यावरचीच एक विधवा बाई शिजवते. ही चालू शाळा आहे, तिला तोरणमाळचं औषध कशाला?

"मोठ्या शाळेत मित्र मिळतात, ग्राउंड मिळतं". मिळतं. पोचलं तर.

"विरोध फक्त मास्तर लोक करतात". २०२२ ला इगतपुरी तालुक्यातल्या दरेवाडीची पोरं शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली होती, दप्तरं घ्या आणि बकऱ्या द्या म्हणत. त्यात मास्तर कोण होता?

शेवटचा मुद्दा सगळ्यात घाण आहे कारण तो बायाबापड्यांना घाबरवतो. "निर्णय वर झालेला असतो, समितीची सही ही फक्त औपचारिकता, गावाने उगाच अडवू नये." शाळा व्यवस्थापन समिती कोणाच्या मेहरबानीने नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने बनलेली आहे, त्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असायलाच पाहिजेत. म्हणून तर माझी सातवी शिकलेली बहीण आज त्या खुर्चीत आहे. शाळा गेली की समिती पण गेली. मोठ्या शाळेच्या दोनशे पोरांत या १३ जणांच्या आया समितीत निवडून येतील का? खिचडीत किडे निघाले, बाई आठ दिवस आली नाही, तर बोलायचं कोणाला? झेडपी सदस्याला म्हणाल तर जळगाव जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ लाच संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच कारभार बघत राहिले. म्हणजे वर कोणी आपला नाही आणि खाली जी एक वही आपल्या हातात होती ती पण द्यायची. आणि सहीला खरंच काही अर्थ नसता तर ती मागायला माणूस पाड्यावर आला नसता.

बाकी पट कमी कशाने झाला याचं उत्तर आपल्याला पण द्यावं लागेल. पाड्याखालच्या गावातले चार खातेदार आपली पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये इंग्लिश मीडियमला पाठवतात आणि पारावर बसून झेडपीच्या नावाने बोटं मोडतात. दिवाळीनंतर दोन घरं ऊसतोडीला जातात, तेव्हा पोरं पण जातात. मधे एक शिक्षक बदलून गेला तर वर्षभर दुसरा आला नाही, त्या वर्षी तीन नावं कमी झाली. पटाचा आकडा मोजायला येणाऱ्याला हे दिसत नाही, त्याला १३ दिसतं.

तर माय, उद्या कोऱ्या कागदावर सही करू नको. कोणी कितीही घाई केली तरी आधी ठराव पूर्ण वाचून दाखवायला सांग. नाही पटलं तर तुझ्या अक्षरात लिही की ती शाळा आमच्या पाड्यापासून अडीच किलोमीटर आहे, मधे नाला आहे, मुलं पहिली ते चौथीची आहेत आणि समायोजन आम्हाला मान्य नाही. बाकीच्या बायांच्या सह्या नाहीतर अंगठे त्याच्या खाली घे. तारीख टाक. आणि त्या पानाचा मोबाईलवर लगेच फोटो काढून मला पाठव, इतिवृत्ताच्या वह्या नंतर सापडत नाहीत.

जिभाऊंशी मी बोलतो.