पोरं, ट्रॅक्टर आणि ब्रेकची कडी : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार. लहानपणी वडिलांसोबत केलेल्या ट्रॅक्टरच्या कामाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. 'पोरांना ट्रॅक्टरच्या कामाला जुंपणं ही बालमजुरी, आणि तुम्ही तिचं कौतुक मांडलंय. असलं लिहूच नये,' असं तुमचं म्हणणं. राग कळतो, पण उत्तर जरा लांबेल.

आमचा ट्रॅक्टर झेटर 2511. एचएमटीचा, दोन सिलिंडर, 25 अश्वशक्ती. घेतला तोच सेकंडहँड. डिझेल संपून एअर धरली, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा शिरली, की मिस्त्रीची वाट कोण बघणार? वडील फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचे, मी हातपंप मारायचो. आधी नुसता फेस, मग फुसफुसणारे बुडबुडे, आणि बुडबुडे थांबून सलग धार लागली की वडील 'बस्स!' म्हणून स्क्रू आवळायचे. हाताचा डिझेलचा वास साबणाने जायचा नाही, वर्गात शेजारचा नाक मुरडायचा. याला मजुरी म्हणायचं तर आईसोबत शेंगा फोडणंही मजुरीच! 2016 च्या दुरुस्तीनंतरचा कायदाही शाळा सांभाळून घरच्या धंद्यात हातभार लावू देतो. धोक्याचं काम मात्र त्यात बसत नाही.

आणि धोक्याबद्दल तुमचं-माझं भांडण नाहीच. मडगार्डवर मी माझ्या पोराला बसू देणार नाही. पण धोका नेमका कुठे असतो, हे मला त्याच कामात कळलं. ट्रॅक्टरला ब्रेकचे दोन पेडल, डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळे. बांधाशी वळताना एकच दाबायचा, ट्रॅक्टर जागच्या जागी फिरतो. डांबरी रस्त्यावर चढण्याआधी मात्र दोन्ही कडीने जोडायचे. वेगात एकच दाबला गेला तर उलटलाच म्हणून समजा. ती कडी हलवून बघणं माझ्याकडे. वडील 'कडी?' विचारायचे आणि मी 'लागली' म्हटल्याशिवाय गिअर पडत नसे. रुतलेली ट्रॉली ओढताना साखळी खाली ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच. वर बांधली की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालवणाऱ्यावरच पालथा. पीटीओचा शाफ्ट, म्हणजे मळणीयंत्रासारखी यंत्रं फिरवणारा ट्रॅक्टरमागचा दांडा, मिनिटाला 540 फेरे घेतो, सेकंदाला नऊ. त्यात पदर किंवा धोतराचा सोगा गेला तर ओरडायलाही सवड नाही. मळणीयंत्रांत इतके हात गेले की 1983 साली धोकादायक यंत्रांसाठी कायदा करावा लागला. मळणी चालू असताना आम्हा पोरांना खळ्यात पाय टाकायची बंदी होती. वडील एरवी मवाळ, पण तिथे सरळ कानाखाली.

असलं लिहूच नये, हे मला पटत नाही. गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्याच्या रस्त्याला उभ्या राहा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पोरं दिसतील. त्यांच्या बापांना बालमजुरीवर व्याख्यान दिलंत तर ते हसून पुढे जातील. ब्रेकच्या कडीचं विचारलंत तर निदान वाकून बघतील.

पीटीओ शाफ्टवरचं कव्हर लोक काढून का ठेवतात, यावर वेगळं लिहायचंय. तेव्हाही असंच भांडायला या.