‘संस्कार कमी पडले’ म्हणणाऱ्या निरोपाला उत्तर

सोलापुरात अपार्टमेंटच्या, नातेवाइकांच्या आणि शाळेतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक निरोप पुन्हापुन्हा फिरतो. शब्द थोडेफार बदलतात, आशय तोच राहतो: “ॲस्पर्जर वगैरे आताचं फॅड आहे, पूर्वी अशी मुलं नव्हती. आईबापांचे संस्कार कमी पडले, घरात तीन-तीन भाषा बोलल्या, की मूल असं होतं. आदर नसतो म्हणून ही मुलं डोळ्यांत बघत नाहीत. यांना माया नसते. गणितात हुशार आहेत, मग चार शब्द नीट बोलायला काय होतं? चार माणसांत न्या, गड्ड्यात (सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेत) फिरवा, सवय होईल. शेवटी लग्न लावून द्या, सगळं जागेवर येतं.”

पुढे पाठवणाऱ्यांना कुणाचं वाईट व्हावं असं वाटत नसणार. पण हा सल्ला ज्या घरात पाळला जाईल तिथल्या मुलाला त्याचा त्रासच होणार आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देणं भाग आहे.

फॅडपासून सुरुवात करू. ॲस्पर्जर म्हणजे ऑटिझमचाच एक प्रकार: बुद्धी आणि बोलणं असतं, पण न बोललेलं ओळखणं आणि गर्दी-गोंगाट सोसणं जड जातं. ग्रुन्या सुखारेवा या मॉस्कोतल्या डॉक्टरांनी 1925 साली अशाच सहा मुलग्यांचं बारकाईनं वर्णन छापलं होतं. 1944 मध्ये व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्जर यांनी चार मुलग्यांवर लिहिलं. ब्रिटनच्या लॉर्ना विंग यांनी 1981 मध्ये ‘ॲस्पर्जर सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं, आणि 1994 मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत ते आलं. त्याच पुस्तिकेच्या 2013 च्या आवृत्तीत वेगळं नाव काढून ते सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे ऑटिझमच्या सगळ्या छटांच्या एकाच नावाखाली, घेतलं. आज डॉक्टरांच्या कागदावर ‘ऑटिझम’ एवढंच लिहिलेलं दिसतं ते त्यामुळे. नाझी राजवटीतल्या मुलांच्या हत्यासत्राशी ॲस्पर्जर यांचा संबंध 2018 मध्ये कागदपत्रांनिशी पुढे आला, त्यामुळेही अनेकजण ते नाव आता वापरत नाहीत. नाव राहो वा जावो, माणसं होतीच. आपण त्यांना ‘एककल्ली’, ‘तऱ्हेवाईक’, ‘विक्षिप्त’ म्हणत आलो. ‘स्वमग्न’ हा आजचा शब्दही फारसा न्यायाचा नाही. सगळं लक्ष स्वतःकडेच आहे असं त्यातून वाटतं, आणि पुष्कळदा खरं उलटं असतं: बाहेरचं सगळं एकाच वेळी, एकाच जोरानं आत येत असतं.

संस्कारांचा आरोपही जुनाच आहे. पाश्चात्त्य देशांत 1950-60 च्या दशकांत ‘थंड आई’मुळे ऑटिझम होतो असं डॉक्टरच सांगत, आणि त्या दोषाखाली कित्येक आया भरडल्या गेल्या. 1977 मध्ये सुझन फोलस्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या 21 जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीत किमान एक मूल ऑटिस्टिक होतं. एकसारख्या, म्हणजे जनुकं सारखी असलेल्या, जुळ्यांच्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही मुलं ऑटिस्टिक निघाली. वेगळ्या, म्हणजे साध्या भावंडांइतकंच साम्य असलेल्या, जुळ्यांच्या 10 जोड्यांपैकी एकाही जोडीत दुसरं मूल तसं नव्हतं. जुळ्यांना घर एक, आई एक, संस्कारही तेच. तरी फरक पडला तो जनुकांच्या सारखेपणानं. नंतरच्या कितीतरी मोठ्या अभ्यासांनी आनुवंशिकतेचा हा वाटा पक्का केला आहे.

भाषांचं म्हणाल, तर घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी, शाळेत आणखी तिसरी, हे सोलापुरात हजारो घरांत चालतं. अनेक भाषांमुळे ऑटिझम होत नाही, वाढतही नाही. ‘आता मुलाशी फक्त इंग्रजीतच बोला’ हा सल्ला मात्र खरंच नुकसान करतो, कारण आजीशी होणारं सगळं बोलणं त्यानं तुटतं.

आता डोळ्यांत बघण्याविषयी. ‘वर तोंड करून बोलू नकोस’ हे आपल्याच घरांत शिकवलं जायचं. मोठ्यांसमोर मान खाली घालून ऐकणं हाच आदर होता. मग आज खाली बघणारं मूल संस्कारहीन कसं ठरतं? ॲस्पर्जर असलेल्या अनेकांना समोरच्याच्या डोळ्यांत बघणं सहन होत नाही, किंवा बघत राहिलं तर ऐकलेलं हातातून निसटतं. चेहऱ्यावरची हालचाल आणि कानावरचे शब्द दोन्ही एकदम सांभाळताना त्यांची सगळी ताकद खर्च होते. म्हणून भिंतीकडे बघणारं मूल अनेकदा नीट ऐकत असतं, आणि दटावल्यावर तुमच्याकडे टक लावून बघणारं काहीच ऐकत नसतं. त्यानं ऐकलं की नाही हे त्याच्या उत्तरावरून ओळखा. समोरासमोर बसवण्यापेक्षा शेजारी बसा. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठानं चालताना, नाहीतर चटणीसाठी शेंगा सोलत बसलेले असताना विचारलेल्या प्रश्नाला जे उत्तर येतं ते खुर्चीवर समोर बसवून येत नाही. नोकरीच्या मुलाखतीपुरतं हवं असेल तर समोरच्याच्या भुवयांच्या मधे किंवा कपाळाकडे बघायला शिकवता येतं. ती पाच-दहा मिनिटांची युक्ती आहे, दिवसभराची शिस्त करू नये.

‘यांना माया नसते’ हे निरोपातलं सर्वांत क्रूर वाक्य आहे. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते न सांगता ओळखणं ही एक गोष्ट, आणि ते कळल्यावर वाईट वाटणं ही दुसरी. ॲस्पर्जर असलेल्यांना पहिली जड जाते. दुसरी त्यांच्यात असते, कधीकधी इतकी तीव्र की ते खोली सोडून निघून जातात, आणि आपण त्यालाच कोरडेपणा म्हणतो. मावशीला बरं नाही हे कळल्यावर काही न बोलता तिच्या गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवणारा भाचा तिची काळजीच घेत असतो. त्याची भाषा वेगळी आहे इतकंच. काहींना स्वतःची भावना नेमकी कुठली हे ओळखणंही अवघड असतं. ‘तुला काय वाटतंय?’ याला उत्तर येत नाही. ‘पोटात गोळा आलाय का? झोप नीट लागली का?’ याला येतं.

शिवाय न कळणं एकतर्फी नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक आहेत. त्यांनी 2012 मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणता, इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं कुठे कळतं? कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये 8-8 जणांच्या साखळ्या करून एकाकडून दुसऱ्याकडे गोष्ट पोचवायला सांगितली. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीत ती फक्त ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळीइतकीच नीट पोचली. संवादाची क्षमताच नसती तर हे घडलं नसतं.

‘हुशार आहे, मग बोलायला काय होतं?’ इथे जरा थांबावं लागेल, कारण रोजची भांडणं याच वाक्यापाशी होतात. 1994 च्या निदानातच अट होती की बोलणं उशिरा सुरू झालेलं नसावं आणि बुद्धी सर्वसाधारण असावी. म्हणजे शब्द येतात. अडतं ते शब्दांमागचं न बोललेलं. आणि आपण मराठी माणसं किती न बोलता बोलतो, याचा कधी हिशेब करून बघा. निघताना म्हणतो ‘येतो’. बांगडी फुटली तर ‘वाढवली’, दुकान बंद केलं तर ‘वाढवलं’. ताटावर बसल्या बसल्या दारात आलेल्याला म्हणतो ‘या जेवायला’, आणि तो खरंच आला तर स्वयंपाकघरात धावपळ. ‘बघू की’ याचा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, आपोआप आलं. ज्याला आपोआप येत नाही त्याला एकेक करून सांगावं लागतं, आणि सांगितलं की तो ते नियमासारखं लक्षात ठेवतो.

म्हणून सूचना देण्याची पद्धत बदला. टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला नवा मुलगा आलाय, त्याला ‘जरा नीट बघून घे, आणि लवकर उरक’ असं सांगितलं तर काम चुकणार. किती म्हणजे नीट, काय बघायचं, लवकर म्हणजे कधी? त्याऐवजी: ‘एका गठ्ठ्यात 12 टॉवेल. कडेची शिलाई सुटलेला टॉवेल डावीकडच्या खोक्यात टाक. 5 वाजता मला एकूण गठ्ठ्यांचा आकडा सांग.’ हेच कागदावर लिहून टेबलावर चिकटवलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावं लागत नाही. कामाचा क्रम बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगा. घरीही तसंच. एका वेळी एक गोष्ट सांगा, मग मनात दहापर्यंत मोजत गप्प राहा. बहुतेकजण इथेच चुकतात: दोन सेकंदांत उत्तर आलं नाही की तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारतात. त्याला तो नवा प्रश्न वाटतो, तो सुरुवातीपासून जुळवायला लागतो, तेवढ्यात तिसरा येतो.

‘भाजी कशी झालीय?’ विचारल्यावर ‘मीठ जास्त आहे’ असं उत्तर आलं तर ते प्रश्नाचं उत्तर आहे, अपमान नव्हे. कौतुक हवं असेल तर नियम सांगा: ‘पाहुण्यांनी केलेल्या जेवणाबद्दल आधी एक आवडलेली गोष्ट बोलायची. मीठ जास्त असेल तर घरी आल्यावर मला सांग.’ आवडीच्या विषयावर, मग ती रेल्वेची वेळापत्रकं असोत की यंत्रमागाचे भाग, तो बोलतच राहिला तर जांभई देऊन सुचवू नका, ती खूण पोचत नाही. ‘मला अजून दहा मिनिटं वेळ आहे, मग मी जाणार’ असं म्हणा. याचा राग येत नाही, उलट हायसं वाटतं. मुलींच्या बाबतीत हे सगळं आणखी उशिरा लक्षात येतं. मैत्रिणींची नक्कल करून त्या निभावून नेतात, आणि घरी आल्यावर गळून पडतात.

गड्ड्यात नेऊन सवय लावण्याचा सल्ला धोक्याचा आहे. होम मैदानावर आकाशपाळणे, पिपाण्या, दहा स्टॉलचे दहा कर्णे, तळणाचा वास, अंगाला अंग. ज्याचा मेंदू यातलं काहीच गाळून बाजूला ठेवू शकत नाही त्याला हे ओढून नेल्यानं सवय होत नाही. पुढच्या वेळी घरातूनच निघण्याची धास्ती बसते. एकसारखा, अंदाज असलेला आवाज अनेकांना चालतो, अचानक फुटणारा चालत नाही. म्हणून यंत्रमागाच्या खडखडाटाशेजारी शांतपणे अभ्यास करणारं मूल कुकरच्या शिट्टीला कान झाकतं. ते ढोंग नाही.

तरी यात्रा बघायची त्याची स्वतःची इच्छा असेल तर नक्की न्या. शोभेच्या दारूकामाची संध्याकाळ टाळा. मुख्य दिवस उलटल्यावरही गड्डा काही दिवस असतो, तेव्हा आठवड्यातल्या साध्या वारी, पाळणे सुरू होता होताच जा. काय बघायचं आणि किती वाजता परतायचं हे आधी कागदावर लिहा. पहिल्यांदा अर्धा तास पुरे. कान झाकणारे इअरमफ बरोबर घ्या आणि आधी दोन-चार दिवस घरी घालून बघा, कारण डोक्यावर दाब नको असणारेही असतात. ‘निघू या’साठी हाताची एक खूण ठरवा, आणि ती दिसली की खरोखर निघा. एकदा जरी ‘पाच मिनिटं थांब रे’ म्हणालात तर ती खूण पुढे कामाची राहत नाही.

एवढं करूनही तो कोसळला, रडला, ओरडला, जमिनीवर बसला, तर तो हट्ट नव्हे. हट्ट करणारं मूल तुम्ही बघताय का हे बघतं, आणि वस्तू मिळाली की थांबतं. कोसळलेल्याला काहीही दिलं तरी थांबता येत नाही. प्रश्न विचारणं बंद करा. न विचारता हात लावू नका. गर्दीपासून कमी आवाजाच्या, कमी उजेडाच्या जागी न्या, बघ्यांना पाठ करून उभे राहा, पाणी जवळ ठेवा. सावरायला वीस मिनिटंही लागतात, तासही लागतो. त्या वेळात उपदेश नको, आणि नंतर शिक्षाही नको.

निरोपात शिस्तीवर जोर आहे, आणि ठरलेल्या वेळा व ठरलेला क्रम या मुलांना खरंच मानवतो, एवढं त्यातलं मान्य. पण मग ती शिस्त आपल्यालाही लागू आहे. पत्रिकेवर अक्षता 12 वाजून 35 मिनिटांची छापायची आणि टाकायच्या दीड वाजता, वर अस्वस्थ झालेल्या पुतण्याला ‘जरा दम धर की’ म्हणायचं, हे बरोबर नाही. ‘दीड वाजू शकतो, तोवर तू गाडीत बसू शकतोस’ हे काकांनी आधी सांगितलं तर तो अक्षता टाकायला येतो.

राहिलं लग्न. लग्न हा उपचार नाही, आणि निदान लपवून लावलेलं लग्न ही दोघांचीही फसवणूक आहे. ॲस्पर्जर असलेली माणसं संसार करतात, चांगला करतात, पण समोरच्याला आधी माहीत असेल तर. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बशीवर हे उरकू नका. दोघांना दोन-तीनदा निवांत भेटू द्या, आणि आवाज, स्पर्श, एकांत, पाहुण्यांची वर्दळ, पैशांचा हिशेब यांबद्दल उघड विचारू द्या. मोठेपणी प्रथमच शंका आली असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, सिव्हिलमध्येही तो विभाग आहे. रक्ताची किंवा स्कॅनची अशी काही चाचणी नसते. लहानपणापासूनची माहिती विचारून आणि निरीक्षण करूनच निदान होतं, म्हणून आई किंवा थोरल्या बहिणीला बरोबर न्या आणि शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर तीही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम स्पेक्ट्रमचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं.

लग्न झालेल्या बायकोची तक्रार बहुतेकदा एकच असते: मी रडत होते आणि यांनी उपाय सांगायला सुरुवात केली. त्याला रडणं दिसलेलं असतं, काय हवंय ते कळलेलं नसतं. ‘मला आत्ता उपाय नको, दहा मिनिटं शेजारी बसून नुसतं ऐका’ असं म्हटलं की तो बसतो, आणि पुढच्या वेळी ‘उपाय हवा की नुसतं ऐकू?’ असं आपणहून विचारतो.