व्हायरस पसरला की सौम्य होतोच? तसा नियम नाही
खानापूर-निपाणीकडच्या ग्रुपांवर परत फिरतंय बघा, "व्हायरस पसरेल तसा सौम्य होतो, लस कशाला". चूक आहे हे. देवीचा रोग शेकडो वर्षं पसरला तरी दर 10 रोग्यांतले साधारण 3 मरायचेच, 1980 ला तो संपल्याचं जाहीर झालं ते लसीमुळं. कोरोनाचा डेल्टा तर आधीच्यापेक्षा जास्त पसरणारा आणि जास्त घातक पण होता, कारण माणूस सिरीयस व्हायच्या आधीच तो दुसऱ्याला लागलेला असतो, मग पुढं पेशंट जगला काय नि गेला काय, व्हायरसचं काही अडत नाही. ऑस्ट्रेलियात 1950 ला सशांवर सोडलेला मिक्सोमा व्हायरस खरंच सौम्य झाला, पण सशांची प्रतिकारशक्ती वाढली तसा परत कडक झाला. ओमिक्रॉन हलका वाटला त्यात लसीचा मोठा वाटा होता. आणि कुत्रं चावलं तर असल्या मेसेजवर अजिबात थांबू नका, जखम साबणानं 15 मिनिटं धुवा, लगेच सरकारी दवाखान्यात जावा, रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस जवळजवळ वाचतच नाही.