मणके ‘बसवून’ घेण्याबद्दल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

तुमची प्रतिक्रिया झणझणीत आहे, पण मुद्द्याची आहे. एकीकडे मी व्यायामाचे गोडवे गाते आणि दुसरीकडे ‘गोळ्या बंद करू नका’ म्हणते, ही एक तक्रार. दुसरी अशी की भाच्याची पाठ एका हाडवैद्याने दोन झटक्यांत मोकळी केली, तिथे आम्ही फिजिओथेरपिस्ट महिनोन्‌महिने लोकांना लोळवतो.

आधी झटक्यांचं बोलू. भाच्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (कण्याच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात) आहे, हे तुम्हीच लिहिलंय. त्यात मणका सरकला म्हणून दुखत नाही, सूज आल्याने दुखतं. मग बसवायचं काय? पुढे काहींचे मणके एकमेकांना जुळतात आणि हाड आतून ठिसूळही होतं. अशा कण्याला झटका दिला तर तो मोडू शकतो, आणि मानेत मोडला तर हातापायांतली ताकदच जाऊ शकते. म्हणूनच अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत, मणके जुळलेल्या रुग्णांना असे झटके देऊच नयेत असं ठामपणे सांगितलंय. त्याच सूचनांत व्यायामोपचार मात्र आवर्जून करायला सांगितलेत.

आता ‘लोळवण्या’बद्दल. मी कमरेवरच्या दोन खळग्यांच्या रेषेवर पेनाने खूण करते, तिच्या वर १० सेंटिमीटरवर दुसरी. गुडघे न वाकवता पुढे वाकल्यावर निरोगी कमरेत हे अंतर १५ च्या आसपास जातं. टेप १२ लाच अडली, तर कमर आखडलीय. खोल श्वास घेतल्यावर छाती किती फुगते तेही मोजते, कारण बरगड्यांचे सांधेही आखडतात. पालथं झोपणं, भिंतीला टाचा आणि डोकं टेकवून उभं राहणं, दीर्घ श्वसन हे सगळं त्याचसाठी. टिळक तलावावर पोहायला जमत असेल तर छानच, नाहीतर घरची सतरंजी पुरते. (उशी पातळ ठेवा. आणि सिगारेट सोडा. हे भाच्याला, तुम्हाला नव्हे!)

गोळीने सूज आणि ठणका उतरतो, म्हणून तर सकाळी व्यायाम जमतो. पण आखडलेली छाती गोळी मोकळी करत नाही. दोन्ही लागतं. गोळ्या कमी करायच्या का, हे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचं.

तूर्त भाच्याला एवढंच सांगा: मानेला कुणालाही झटका देऊ देऊ नको. आणि डोळा लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. या आजारात डोळ्यालाही सूज येते.