सर्व्हेत रहिवासी गप्प राहिले, म्हणजे त्यांना भाडेनियंत्रण नको?

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या शहरात मोबाइल होम पार्कच्या, म्हणजे भाड्याच्या जागेवर स्वतःचं तयार घर ठेवून राहणाऱ्यांच्या वसाहतीच्या, भाड्यावरून वाद पेटला की एक ठराविक मजकूर फिरायला लागतो. बे एरियातल्या (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या) आपल्या मंडळींच्या गटांवरही तो येतो, कधी इंग्रजीत, कधी मराठीत. गोषवारा असा: "पार्कमधल्या रहिवाशांचा सर्व्हे घेतला. बहुतेकांनी फॉर्मच भरला नाही. ज्यांनी भरला त्यांतल्या अनेकांनी जागा विकत घ्यायला आवडेल असं सांगितलं. म्हणजे भाडेनियंत्रण खुद्द रहिवाशांनाच नको आहे. ते हवंय चार कार्यकर्त्यांना आणि मतं मागणाऱ्या नगरसेवकांना. भाडं परवडत नसेल तर घराला चाकं आहेत, दुसरीकडे न्या. जमीन मालकाची, दरही मालकाचा. आणि भाडेनियंत्रणाने मुंबईच्या चाळींचं काय झालं ते विसरलात का?"

यातली प्रत्येक ओळ ऐकायला ठीक वाटते, म्हणूनच एकेक सुटी करून बघायला हवी.

चाकांपासून सुरुवात करू, कारण बाकीचे गैरसमज तिथूनच निघतात. मोबाइल होम कारखान्यात तयार होतं, ट्रकला जोडून एकदा पार्कमध्ये येतं आणि ठरलेल्या जागेवर बसतं. घर रहिवाशाच्या मालकीचं, खालची जमीन पार्कमालकाची. घराचं कर्ज, विमा, छपराची दुरुस्ती हे सगळं रहिवाशाने करायचं आणि शिवाय दर महिन्याला जागेचं भाडं भरायचं. जवळ जाऊन बघितलंत तर चाकं दिसतही नाहीत. घर लोखंडी टेकूंवर उभं असतं, भूकंपासाठी वेगळे आधार दिलेले असतात, खालची पोकळी चहूबाजूंनी पत्र्याने झाकलेली असते. बाजूला कारपोर्ट, पुढे पायऱ्या आणि व्हरांडा, खालून पाणी, गॅस आणि सांडपाण्याच्या जोडण्या. डबल-वाइड, म्हणजे दोन भाग जोडून केलेलं घर असेल तर हलवण्यासाठी घर मधोमध उलगडून दोन तुकडे करावे लागतात. हलवलंच, तरी वीस-तीस वर्षांचं जुनं घर आत घेणारा दुसरा पार्क सहसा मिळत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये एस्कोंडिडो शहराच्या खटल्यात हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे: 'मोबाइल' हे नाव दिशाभूल करणारं आहे, एकदा बसवलेल्या शंभर घरांतलं जेमतेम एक पुन्हा हलतं.

फ्लॅटचा भाडेकरू भाडं वाढलं तर सामान टेम्पोत टाकून निघतो. इथे निघायचं म्हणजे घर विकायचं. आणि जागेचं भाडं वाढलं की घराची किंमत तेवढीच उतरते, कारण घेणाराही ते भाडं हिशेबात धरतो. मालकाच्या हातात खरी ताकद आहे ती ही.

आता सर्व्हेकडे येऊ. फिरणाऱ्या मजकुराचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे, आणि नेमका तोच सर्वांत पोकळ आहे.

असे सर्व्हे कुठून आले ते आधी समजून घ्या. कॅलिफोर्नियात पार्कमालकाला पार्कचे प्लॉट पाडून ते रहिवाशांना विकता येतात. ऐकायला छान: भाडेकरू मालक होतील. पण खुबी अशी की यातला एक जरी प्लॉट विकला गेला तरी पार्क 'रूपांतरित' झाला असं कायद्याने ठरतं आणि शहराचं भाडेनियंत्रण तिथून उठतं. ज्यांना प्लॉट घेणं परवडत नाही त्यांचं काय? अल्प उत्पन्न गटातल्यांना राज्याच्या कायद्याचं थोडं संरक्षण आहे: मागच्या चार वर्षांत सरासरी जेवढी वाढ झाली तेवढीच पुढे, तीही महागाई दराच्या आत. बाकी सर्वांचं भाडं चार वर्षांत टप्प्याटप्प्याने बाजारभावाला नेता येतं. अल्प उत्पन्नाच्या मर्यादेपेक्षा जराशी जास्त पेन्शन असलेल्या विधवा बाईला या कायद्याचा उपयोग शून्य.

पाम स्प्रिंग्जच्या एल डोराडो पार्कबाबत हाच प्रश्न २००२ मध्ये अपील न्यायालयापुढे आला. शहराची भीती साधी होती: प्लॉट विकायचं नाव पुढे करायचं, एखाददुसरा विकायचा, भाडेनियंत्रणातून मोकळं व्हायचं. न्यायालय म्हणालं की अशी बनावट रूपांतरं रोखायची असतील तर कायदा विधिमंडळाने बदलावा, शहराला मध्ये पडता येणार नाही. विधिमंडळाने त्याच वर्षी दुरुस्ती केली आणि रूपांतराच्या अर्जासोबत रहिवाशांचा सर्व्हे जोडणं सक्तीचं केलं. कसा घ्यायचा तेही लिहिलं. मालकापासून स्वतंत्र अशी रहिवाशांची संघटना असेल तर तिच्याशी करार करून घ्यायचा. लेखी मतपत्रिका हवी. आणि राहत्या प्रत्येक जागेला एकच मत, घरात माणसं कितीही असोत.

म्हणजे या सर्व्हेत विचारलं जातं ते रूपांतराबद्दलच: पाठिंबा आहे का, जागा घ्याल का. भाडेनियंत्रण हवं की नको हा प्रश्न त्यात नसतो. "जागा विकत घ्यायला आवडेल का?" या प्रश्नाला कोण नाही म्हणेल? तोही अनेकदा किंमत न सांगता विचारलेला असतो. एल डोराडोच्या रहिवाशांची तक्रार हीच होती की किंमतच कळवलेली नाही, आणि त्या टप्प्यावर ती सांगणं बंधनकारक नाही असं न्यायालयाने ठरवलं. पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर सही करताना चटईक्षेत्राचा आकडा कोरा ठेवला असेल, तर ती सही कशाला दिलेली संमती मानायची, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

पुढची गंमत बघा. सर्व्हे सक्तीचा झाल्यावर मालकांच्या वकिलांनी न्यायालयात काय भूमिका घेतली? सर्व्हे जोडलाय की नाही एवढंच शहराने बघावं. निकाल काय लागला याच्याशी शहराचा संबंध नाही! सांताक्रूझ काउंटीने (जिल्ह्याच्या प्रशासनाने) एका पार्कचं रूपांतर रहिवाशांच्या जबरदस्त विरोधाचं कारण देऊन नाकारलं, तेव्हाही मालकाचा युक्तिवाद हाच होता. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो फेटाळला. निकाल बघायचाच नसेल तर सर्व्हे घ्यायला लावण्यात अर्थ काय, असा न्यायालयाचा रोख होता. म्हणजे रहिवासी विरोधात गेले की सर्व्हे निव्वळ कागद, आणि गप्प बसले की तोच सर्व्हे जनमताचा कौल. दोन्हीकडून ढोलकी वाजवायची ती अशी.

गप्प राहण्याचा अर्थ काय लावायचा, हेही कायद्याने सांगून टाकलं आहे. २०१३ च्या दुरुस्तीने शहराला अधिकार दिला: पार्कमधल्या निम्म्याहून अधिक घरमालकांचा पाठिंबा सर्व्हेतून दिसला नाही तर अर्ज फेटाळता येईल. नीट वाचा, पार्कमधल्या घरमालकांच्या निम्म्याहून अधिक. फॉर्म भरणाऱ्यांच्या नव्हे. समजा २०० घरं आहेत, ७० फॉर्म आले, त्यांतले ४५ बाजूने. फिरणारा मजकूर सांगेल, "६४ टक्के पाठिंबा!" कायद्याच्या हिशेबाने ४५ भागिले २००, म्हणजे २२.५ टक्के. न आलेले १३० फॉर्म मालकाच्या पारड्यात पडत नाहीत.

आणि ते येत का नाहीत? पार्कमधली बरीच माणसं वयस्क असतात. अनेक पार्क ५५ वर्षांवरच्यांसाठीच राखीव आहेत. सॅन होजेच्या परिसरात तर स्पॅनिश किंवा व्हिएतनामी बोलणारी कुटुंबं पुष्कळ. इंग्रजी फॉर्म पार्कच्या ऑफिसकडून आला, त्यावर जागेचा नंबर आहे, आणि भरून द्यायचाय त्याच ऑफिसात, जिथे उद्या घर विकताना गिऱ्हाइकाला मंजुरी घ्यायची आहे. अशा फॉर्मला उत्तर न देणारा माणूस बेफिकीर असेलच असं नाही. कदाचित तोच सगळ्यात शहाणा असेल. खरा कल कळायचा असेल तर प्रश्न कोणी लिहिले, कोणत्या भाषेत, पाकीट कोणी उघडलं आणि किती जणांपैकी किती, हे आकड्याच्या आधी यायला हवं.

असाच दुसरा 'पुरावा' दिला जातो तो दीर्घ मुदतीच्या करारांचा: रहिवाशांनी स्वतःच सह्या केल्या ना? केल्या. १२ महिन्यांहून मोठा करार केला की शहराचं भाडेनियंत्रण त्या जागेला लागू होत नसे, अशी तरतूद राज्याच्या कायद्यात अनेक वर्षं होती. सही करणाऱ्या प्रत्येकाला तिचा अर्थ माहीत होता असं कोणी मानत असेल तर मानो. २०२० मध्ये विधिमंडळाने ही पळवाट बुजवली. नव्या करारांना सूट नाही, आणि जुन्यांची सूट १ जानेवारी २०२५ ला संपली.

आता मुंबई. मराठी आवृत्तीतलं सगळ्यात पटणारं वाक्य हेच, कारण त्यातली पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं आणि दशकानुदशकं तिथेच ठेवलं. घरपट्टीही निघेना अशा भाड्यात इमारती कुजल्या. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही ही गोठवणूक अवास्तव ठरवली, आणि १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आली. पण कॅलिफोर्नियातल्या पार्कांना हे चित्र लावता येत नाही. सॅन होजेचा नियम घ्या: वार्षिक वाढ महागाई दराच्या ७५ टक्के, पण ३ टक्क्यांहून कमी नाही आणि ७ टक्क्यांहून जास्त नाही. महागाई शून्य असली तरी मालकाला ३ टक्के मिळतात. शिवाय चाळीची भिंत पडली तर दुरुस्ती मालकाने करायची असते; इथे भिंत रहिवाशाचीच. मालकाकडे रस्ते, गटारं, पाण्याच्या लाइनी आणि क्लबहाउस. छप्पर गळालं तर भाडं कितीही असो, ताडपत्री रहिवासीच आणतो.

"जमीन मालकाची, दरही मालकाचा." हा वाद एस्कोंडिडोच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शहरातल्या मतदारांनी १९८८ मध्ये भाडी १९८६ च्या पातळीवर आणणारा प्रस्ताव मंजूर केला. पार्कमालक यी दांपत्याचं म्हणणं होतं की हा आमच्या जमिनीवरचा प्रत्यक्ष कब्जाच आहे. एकाही न्यायमूर्तीला ते पटलं नाही. तुम्ही स्वखुशीने जागा भाड्याने दिली, आणि जागेचा वापर बदलायचा असेल तर रहिवाशांना नोटीस देऊन बदलायची मुभा आहे. मग कब्जा कसला? मालकाला वाजवी परतावा मिळालाच पाहिजे, हे मात्र पक्कं आहे. तो मिळत नसेल तर भाड्याचा निर्णय करणाऱ्या शहराच्या मंडळापुढे जादा वाढ मागता येते.

भांडण 'वाजवी' कशाला म्हणायचं यावर होतं. कार्सन शहरातला ४०४ जागांचा कॉलनी कोव्ह पार्क एका कंपनीने २००६ मध्ये सुमारे २.३ कोटी डॉलरला घेतला, त्यात १.८ कोटींचं कर्ज. मग कर्जावरचं व्याज भाड्यातून वसूल व्हावं म्हणून दर जागेमागे महिन्याला ६१८ डॉलरची वाढ मागितली. मंडळाने दिली ३७ डॉलरच्या आसपास. ज्यूरीने कंपनीला ३३ लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली, पण २०१८ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने ती रद्द केली. पार्क रोखीने घेतला असता तर चालवायचा खर्च तोच राहिला असता. मालकाने किती कर्ज काढलं यावर रहिवाशाचं भाडं ठरू लागलं, तर मोठ्यात मोठं कर्ज काढणाऱ्याला सर्वांत जास्त भाडं मिळायचं.

नवे पार्क होत नाहीत ते भाडेनियंत्रणामुळे, हेही अधूनमधून ऐकू येतं. १९९० नंतर बांधलेल्या नव्या जागांना राज्यानेच स्थानिक भाडेनियंत्रणातून वगळलं होतं. २०२२ मध्ये ती सूट १५ वर्षांपुरती केली. तेव्हा हे कारण टिकत नाही.

मजकुरात नसलेली, पण मालकांच्या बाजूची एक गोष्ट खरोखर वजनदार आहे. नियंत्रित भाड्याच्या पार्कमधलं घर जास्त किमतीला विकलं जातं. म्हणजे स्वस्त भाड्याचा मोठा लाभ आज राहणारा नव्हे, तर नियंत्रण आलं तेव्हा राहत असलेला आणि नंतर विकून गेलेला माणूस घेतो. शिवाय रहिवासी गरीब आहे की सुखवस्तू, हे बहुतेक नियम बघतही नाहीत. मला हा दोष खरा वाटतो, आणि भाडेनियंत्रणाच्या बाजूने बोलणारे तो टाळतात याचा रागही येतो. पण त्यावरून "मग नियंत्रण काढा" असं निघत नाही. गोलेटाच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला. तिथलं नियंत्रण काउंटीच्या काळातलं, १९७९ चं. गुगेनहाइम कुटुंबाने पार्क १९९७ मध्ये घेतला, म्हणजे नियंत्रण असलेल्या पार्कच्या भावाने. २००२ मध्ये गोलेटा वेगळं शहर झालं, त्याने तोच नियम पुढे चालवला, आणि कुटुंब कोर्टात गेलं. २०१० मध्ये फेडरल अपील न्यायालयाच्या मोठ्या पीठाने दोन्ही बाजूंचे हिशेब मांडले. आज राहणाऱ्यांनी घरं घेताना स्वस्त भाड्याची किंमत आधीच मोजलेली आहे. नियंत्रण उठलं तर त्यांचे ते पैसे बुडतील, आणि नव्या मालकाला त्याने न मोजलेल्या पैशांचं घबाड मिळेल. कुटुंब हरलं.